मॅडम, रिफंड आलाय म्हणतंय!

जुलै लागला की माझ्या फोनवर दोनच प्रकारचे मेसेज यायला लागतात. एक म्हणजे फॉर्म सोळाचा फोटो, तोही तिरका, कडा कापलेला, वर पंख्याची सावली पडलेली. आणि दुसरा म्हणजे कुठल्यातरी मेलचा स्क्रीनशॉट आणि खाली एक ओळ, "मॅडम हे खरं आहे का?" मी सांगलीत एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात रिटर्न भरायचं काम करते, बरीच वर्षं झाली आता, आणि हल्ली हल्ली कामाचा मोठा भाग हाच होऊन बसलाय, लोकांना आलेला मेल खरा की खोटा ते सांगायचं. त्याचे पैसे कुणी देत नाही ते सोडा.

तर आमचे एक क्लायंट आहेत, रिटायर्ड मुख्याध्यापक, सगळे सरच म्हणतात. त्यांच्या एफडीच्या व्याजावर टीडीएस, म्हणजे बँकेने आधीच धरून ठेवलेला टॅक्स, कापला जातो, उत्पन्न तेवढं नाही, त्यामुळे दरवर्षी थोडाफार रिफंड असतोच. ते एकदा दुपारी थेट ऑफिसात आले, चप्पल काढायच्या आधीच फोन पुढे. "मॅडम, रिफंड आलाय म्हणतंय! पंधरा हजार चारशे नव्वद. फक्त खातं नंबर जुळत नाही म्हणे, चोवीस तासांत अपडेट करायचा." मी म्हटलं सर, कशावर क्लिक केलंय का? तर नाही म्हणाले, आधी तुम्हाला दाखवावं म्हटलं. मग बसून आम्ही तो मेल सावकाश वाचला. वर अशोकस्तंभ, निळी पट्टी, खाली बारीक अक्षरात सूचना, इंग्रजी एकदम शुद्ध. सर म्हणाले, "पंधरा हजार असा राउंड फिगर असता ना, तर मलाच शंका आली असती." हे त्यांचं वाक्य मी नंतर कितीतरी जणांना सांगितलंय, कारण मेल लिहिणाऱ्यालाही नेमकं हेच माहीत असतं. चारशे नव्वद रुपये त्याने उगाच नाही लावलेले.

आता सरांचा रिफंड खरंच येणं बाकी होतं हे त्या माणसाला कसं कळलं, असं सगळेच विचारतात. त्याला काही कळलेलं नसतं हो. जुलै ते सप्टेंबर अर्धा देश रिफंडची वाट बघत असतो, एकच मेल लाखो लोकांना सोडायचा, ज्याला लागू पडला त्याला पडला. मार्चमध्ये केवायसी संपलं म्हणून येतो, दिवाळीत पार्सल अडकलं म्हणून येतो, पोरांच्या कॅम्पस इंटरव्ह्यूच्या दिवसांत ऑफर लेटर म्हणून येतो. म्हणून "मी नाही बाबा असल्याला फसणार" म्हणणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटत नाही, त्यांच्या आयुष्याशी जुळणारा मेल अजून त्यांना आलेला नसतो एवढंच.

तर सरांच्या मेलवर पाठवणाऱ्याचं नाव होतं इन्कम टॅक्स डिपार्टमेंट. फोनवरच्या जीमेलमध्ये नुसतं नावच दिसतं, खरा पत्ता दिसायला त्या 'टू मी'च्या शेजारचा छोटा बाण दाबावा लागतो, आणि नाव काय कुणीही काहीही टाकू शकतं. बाण दाबला तर पत्त्यात ॲटच्या पुढे इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन होतं. सर एकदम खुश. पण ते तिथं संपत नव्हतं, त्याच्यापुढे अजून एक डॉट, मग रिफंड-काहीतरी, आणि मग डॉट कॉम. "अहो पण नाव तर सरकारीच आहे की त्यात!" मग मी म्हटलं, सर पाकिटावर पत्ता लिहितो तसं समजा, वरती विश्रामबाग लिहिलंय, सांगली लिहिलंय, पण सगळ्यात शेवटी जिल्हा नांदेड लिहिलं तर पत्र कुठे जाणार? "नांदेडला," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. वेबसाइटचा पत्ता पण शेवटाकडूनच वाचायचा, सुरुवातीच्या त्या जोड तिरक्या रेघा सोडून पहिली एकटी तिरकी रेघ येते तिच्या अगदी अलीकडे काय आहे ते बघायचं, तोच मालक. त्याच्या आधी कितीही चांगली चांगली नावं लावलेली असोत. गव्ह डॉट इन हे शेपूट सरकारी खात्यांनाच मिळतं, पण ते शेपटालाच असलं पाहिजे ना. बँकांचं पण आता तसंच केलंय, रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली, की बँकांनी आपल्या साइट बँक डॉट इन या शेपटावर न्यायच्या. मला तरी हा निर्णय फार आवडला, समजावून सांगायला सोपा.

यात अजून एक खोच आहे. इंग्रजीतला आर आणि एन चिकटून लिहिले की बारीक स्क्रीनवर एमसारखे दिसतात, आणि रशियन लिपीतला एक ए तर आपल्या नेहमीच्या ए सारखा हुबेहूब असतो. म्हणजे डोळे फाडून वाचूनही माणूस चुकू शकतो. ब्राउझरमधलं ते कुलूप, त्याचं तर नावच काढू नका, ते फक्त एवढंच सांगतं की मधल्या वाटेत कुणी ऐकत नाहीये, पलीकडे कोण बसलाय ते त्याला माहीत नसतं, आणि भामट्यालाही ते कुलूप फुकट मिळतं. क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढूनच टाकलं, लोक उगाच भरवसा ठेवायला लागले म्हणून. तरी अजून "कुलूप बघा" असे फॉरवर्ड फिरतातच.

स्पेलिंगचं पण तसंच. खोट्या मेलमध्ये स्पेलिंगच्या चुका असतात हे आपल्याला कुणीतरी दहा-पंधरा वर्षांपूर्वी सांगितलं आणि आपण ते धरून बसलो. त्यात तथ्य होतं एकेकाळी. बांगलादेश बँकेची ती प्रसिद्ध चोरी आठवते का, फेब्रुवारी २०१६, तिच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून जवळजवळ ९५ कोटी डॉलर काढायचा घाट घातला होता. त्यातले ८.१ कोटी डॉलर फिलिपिन्सला गेले ते गेलेच, पण श्रीलंकेला जाणारे २ कोटी डॉलर अडकले, कारण चोरांनी फाउंडेशनचं स्पेलिंग फँडेशन असं काहीतरी करून ठेवलं होतं आणि मधल्या बँकेतल्या माणसाने विचारलं, हे काय आहे? पण लोक एवढाच किस्सा सांगतात आणि त्याच्या आधीचा भाग विसरतात. अमेरिकेच्या तपासात पुढे आलं की हे सगळं सुरू झालं होतं वर्षभर आधी, बँकेतल्या लोकांना आलेल्या एका साध्या नोकरीच्या अर्जाच्या मेलने. मी तुमच्याकडे काम करायला उत्सुक आहे, माझा बायोडाटा इथे बघा, लिंक. एवढंच. देशाच्या मध्यवर्ती बँकेत बसलेले लोक होते ते, कुणी अडाणी नव्हते. आणि आता तर एआय कुणालाही छान इंग्रजी लिहून देतं, मराठी पण बरं लिहितं, त्यामुळे स्पेलिंगच्या भरवशावर राहू नका प्लीज.

खरी गंमत पुढे आहे. सरांना मी म्हटलं की डिपार्टमेंटचा खरा मेल कसा असतो ते तुम्ही बघितलंय ना, त्याच्याशी ताडून बघा. तर त्यांनी कधी बघितलेलाच नव्हता! इतकी वर्षं रिटर्न भरतायत, १४३(१) ची इंटिमेशन, म्हणजे रिटर्न तपासून झाल्याचं खात्याचं पत्र, दरवर्षी येते, पण ती त्यांच्याकडे कधी गेलीच नाही, कारण इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरच्या त्यांच्या प्रोफाइलमध्ये मेल आयडी आमच्या ऑफिसचा आणि मोबाइल नंबर पण आमचाच. त्यांच्या जीमेलवर डिपार्टमेंटच्या नावाने आलेला आयुष्यातला पहिला मेल म्हणजे हा खोटा.

ही आमच्या धंद्यातली उघड गोष्ट आहे, सांगली काय आणि पुणे काय. क्लायंटला ओटीपी विचारत बसायला वेळ नसतो, क्लायंटलाही नको असतं, "तुम्हीच बघा मॅडम, आम्हाला काय कळतंय त्यातलं," मग सगळं आमच्या नावावर. पासवर्ड एका एक्सेलमध्ये, आणि पासवर्डचा फॉर्म्युला काय तर नावाचं पहिलं अक्षर मोठं, मग ॲट, मग एक दोन तीन चार. सगळ्या ऑफिसात असंच असतं असं नाही म्हणत मी, पण तुमचं रिटर्न भरणाऱ्याच्या ऑफिसात कसं आहे ते विचारून बघा एकदा, चेहरा बघा फक्त.

आणि खरा मेल दिसला असता तरी सर घाबरलेच असते ही वेगळी गोष्ट. खरी इंटिमेशन बंगळुरूच्या सीपीसीमधून, म्हणजे खात्याच्या रिटर्न तपासणाऱ्या केंद्रातून येते, कोरडं इंग्रजी, कलमांचे आकडे, आणि सोबत पासवर्ड लावलेली पीडीएफ. तो पासवर्ड म्हणजे इंग्रजी छोट्या अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. आता पॅन आणि जन्मतारीख या दोन गोष्टी आपण कुठे कुठे दिल्यात ते आठवा. म्हणजे खरा मेल बघूनच माणसाला फसवणूक वाटावी आणि खोटा मेल कसा स्वच्छ, मोठं हिरवं बटण, चला क्लिक करा. एक मात्र चांगलं केलंय, १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याची कुठलीही नोटीस किंवा ऑर्डर आली की तिच्यावर डिन नावाचा, त्या कागदाचा स्वतःचा ओळख नंबर असतो, आणि ती खरी आहे का हे पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतं. हे मी क्लायंटला सांगते तेव्हा दहातल्या नऊ जणांनी ते कधी ऐकलेलं नसतं.

तर सरांचं काय केलं? मेल खरा का खोटा हा वाद मी तिथंच सोडून दिला. त्यांच्या फोनवरून, त्यांच्याच हाताने पोर्टलचा पत्ता टाइप करायला लावला, लिंकवरून नाही, गूगलवर शोधूनही नाही कारण तिथे पहिली ओळ जाहिरातीची असते आणि जाहिरात कुणीही देऊ शकतं. लॉगिन केलं, भरलेली रिटर्न्स उघडली, तिथं लिहिलं होतं की रिटर्न अजून प्रोसेसिंगमध्ये आहे. झालं. रिफंड मंजूरच झालेला नाही तर खातं नंबर कुठला जुळत नाही? आणि रिफंड तसाही पोर्टलवर आधी व्हॅलिडेट, म्हणजे पडताळणी केलेल्या खात्यातच जातो, त्याला मेलमधून कुणी कार्ड नंबर विचारत नाही. मेल कितीही बेमालूम असला तरी त्याने दाखवलेल्या दारातून आत जायचंच नाही, आपल्या ओळखीच्या रस्त्याने जायचं आणि तिथं तीच गोष्ट दिसते का बघायची. बँकेचं पण असंच, विजेच्या बिलाचं पण, पोरगा परदेशात असेल आणि त्याच्या नावाने पैशाचा मेल आला तर त्याला नेहमीच्या नंबरवर फोन लावायचा. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे आपले पासवर्ड लक्षात ठेवून भरणारं ॲप, वापरत असाल तर अजून बरं, कारण साइटचा पत्ता एका अक्षराने जरी वेगळा असला तर तो पासवर्ड भरतच नाही, त्याला अशोकस्तंभ बघून भारावून जायची सवय नसते.

पण खोटं सांगत नाही, मला या मेलपेक्षा जास्त भीती झेरॉक्सच्या दुकानांची वाटते.

आमच्या ऑफिसखाली एक आहे. तिथली पद्धत अशी की भिंतीवर दुकानदाराचा व्हॉट्सॲप नंबर लिहिलाय, आधार त्यावर पाठवायचं, तो कॉम्प्युटरवर उघडून प्रिंट काढतो, दोन रुपये. मी एकदा उभी असताना त्याच्या स्क्रीनकडे बघत होते, चॅटची यादी नुसती खाली खाली जातेय, नावं नाहीत, नुसते नंबर, आणि प्रत्येकाच्या शेवटी पीडीएफ. डाउनलोड फोल्डर उघडला तर आधार, आधार एक, आधार दोन, पॅन फायनल, पॅन फायनल नवीन. माणूस चांगला आहे हो, त्याच्या मनात काही नाही. पण त्या कॉम्प्युटरला पासवर्ड नाही, दुपारी तो जेवायला जातो तेव्हा तिथं शाळेतली पोरं प्रोजेक्टचे प्रिंट काढत बसलेली असतात. मेलमधून माहिती काढायला भामट्याला एवढी डोकेफोड करावी लागते आणि इथं आपण पदरचे दोन रुपये देऊन ती ठेवून येतो.

मास्क्ड आधार म्हणून एक असतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, यूआयडीएआय म्हणजे आधार देणारी सरकारी संस्था, तिच्या साइटवरून फुकट उतरवता येतं. मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या बंगळुरू ऑफिसने एक सूचना काढली होती की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड द्या, आणि लोक घाबरतायत बघून दोन दिवसांत ती मागे पण घेतली, म्हणाले नेहमीचं तारतम्य बाळगा. आता तारतम्य म्हणजे काय ते लॉजच्या काउंटरवर रात्री अकरा वाजता कोण सांगणार? मी स्वतः झेरॉक्सवर आडवं लिहिते, कशासाठी दिली आणि कुठल्या तारखेला. समोरचा कधी कधी तोंड वाकडं करतो. करू दे. आणि बोटाच्या ठशाने पैसे काढायची ती सोय आहे ना, तिचा गैरवापर टाळायला आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं, लागेल तेव्हा तात्पुरतं उघडायचं.

हे सगळं जास्तीचं वाटत असेल तर जानेवारी २०२० मधली बातमी आठवा. ठाणे जिल्ह्यात दिवसाला तीनशे रुपये मिळवणाऱ्या एका मजुराला १.०५ कोटी रुपयांच्या टॅक्सची नोटीस आली. नोटबंदीच्या काळात एका बँकेत त्याच्या नावावर ५८ लाख रुपये भरले गेले होते, पॅन त्याचा होता, पण फोटो आणि सही दुसऱ्याच कुणाची. कायद्यात याला शिक्षा आहे, आयटी ॲक्टचं, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ सी, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पण मी निर्दोष आहे हे सांगत फिरायचं काम तर त्या मजुरालाच करावं लागलं ना.

आमच्या एका मेडिकलवाल्या क्लायंटचं प्रकरण एवढं मोठं नव्हतं पण चीड आणणारं होतं. गृहकर्जाला गेले, बँक म्हणाली तुमचं आधीचं एक कर्ज थकलंय. हे म्हणाले मी आयुष्यात कर्ज घेतलेलं नाही. क्रेडिट रिपोर्ट काढला तर कुठल्याशा झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवर त्यांच्या पॅनने काही हजारांचं कर्ज, पत्ता भलत्याच राज्यातला. पॅन कुठून गेला ते शेवटपर्यंत कळलं नाही. आपल्याकडे लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चार क्रेडिट कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चौघींकडून तीन-तीन महिन्यांनी एकेक मागवला तर वर्षभर लक्ष राहतं. चूक सापडली तर तक्रार करायची, तीस दिवसांत निकाली नाही काढली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तसंच सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं, आणि जीएसटीच्या पोर्टलवर आपला पॅन टाकून त्यावर कुणी दुकान तर थाटलेलं नाही ना तेही. मेडिकलवाल्यांनी हे सगळं एका संध्याकाळी माझ्यासमोर बसून केलं, मध्ये मध्ये शिव्या घालत.

आणि एवढं करूनही पैसे गेलेच तर १९३०, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा फोन नंबर. लगेच, त्याच मिनिटाला, आधी बायकोला सांगू की नको असा विचार न करता. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून चौथ्या असे पळत असतात, मध्येच कुठंतरी गोठवता आले तर मिळतात. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला नियम केला की चूक आपली नसेल, बँकेचीही नसेल, आणि तीन वर्किंग दिवसांत कळवलं तर आपल्यावर बोजा नाही. स्वतःच ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे दोन्हीकडून घाईच फायद्याची. आणि लोक नेमके इथंच थांबतात, लाज वाटते, "एवढा शिकलेला माणूस आणि" हे ऐकायचं नसतं. फसलेल्या माणसाला हसणारे आपण सगळे त्या भामट्याला फुकटात वेळ मिळवून देतो.

सरांनी मात्र त्या दिवशी एक केलं. मेल वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन वर फॉरवर्ड केला, कारण खातंच तसं करायला सांगतं, आणि मग म्हणाले, मॅडम माझ्या प्रोफाइलमध्ये माझा नंबर टाका, माझा मेल टाका. आमच्या साहेबांचा चेहरा जरा पडला. मग सरांनी कुठूनतरी वाचून ते ई-फाइलिंग व्हॉल्ट पण चालू केलं, त्यामुळे आता नुसत्या पासवर्डने त्यांचं खातं उघडतच नाही, आधारचा ओटीपी लागतो. यंदा ऐन गर्दीत मी त्यांना फोन केला, सर ओटीपी आला असेल, सांगता का? तर म्हणाले, "तुम्हीच सांगितलं होतं ना, ओटीपी कुणाला द्यायचा नाही म्हणून? कशाला पाहिजे ते सांगा आधी." मी सांगितलं. तरी दिला नाही. रिक्षा करून आले, माझ्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि चष्मा लावून एका बोटाने स्वतः टाकला, तोपर्यंत पहिल्याची मुदत संपली होती, म्हणून दुसरा मागवला. मागे खुर्चीवर अजून चार जण खोळंबलेले.